पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड: उनो, ईएसपी३२ की पिको?

पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे सेन्सर, दिवे वगैरे चालवणारी छोट्या संगणकासारखी पाटी, निवडताना वेग, मेमरी आणि पिनांची संख्या यांचे तक्ते समोर ठेवण्याची पद्धत आहे. ते तक्ते कुठेही मिळतात, म्हणून येथे देत नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. जोडणी झाली, कोड अपलोड झाला आणि तरीही काहीच घडले नाही, तर चूक कोडमध्ये आहे, तारांमध्ये आहे की बोर्डाच्या एखाद्या अटीत आहे, हे नवशिक्याला किती लवकर उमगते? अर्डुइनो उनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको हे तिन्ही मी वापरले आहेत आणि माझा कल या एकाच कसोटीवर ठरला.

उनोविषयी फारसा वाद नाही. तो ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे जुने सेन्सर थेट जोडता येतात. शिवाय मूळ आर३ आवृत्तीत चिप सॉकेटमध्ये बसवलेली असल्याने ती जळाली तरी बोर्ड टाकून द्यावा लागत नाही. बिचकत शिकणाऱ्याला हा मोठाच दिलासा आहे. अडचण याच आवृत्तीच्या २ किलोबाइट रॅमची. १२८ गुणिले ६४ बिंदूंचा छोटा ओलेड डिस्प्ले जोडला की त्याच्या चित्रासाठीच १ किलोबाइट खर्ची पडतो, आणि काही लायब्ररी (तयार कोडचे संच) ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर घेत असल्याने कंपाइलरच्या (कोडचे चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) हिशेबात ती दिसतही नाही. मग प्रोग्राम कोणतीही सूचना न देता मध्येच रीसेट होतो.

क्षमतेचा विचार केला तर ईएसपी३२ इतर दोघांच्या पुढे आहे, हे मान्यच करावे लागेल: वायफाय, ब्लूटूथ, दोन कोअर आणि भरपूर मेमरी. मला खटकते ती त्याच्या पिनांची गुंतागुंत. समजा, मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर २५ क्रमांकाच्या पिनला जोडला आहे. आकडे व्यवस्थित येतात, तार हलवून पाहिली तरी ते स्थिर राहतात, आणि नवशिका पुढच्या टप्प्याकडे वळून वायफायच्या चार ओळी कोडमध्ये घालतो. त्याबरोबर त्याच सेन्सरचे वाचन बंद पडते. तार तीच, सेन्सर तोच, वाचनाची ओळही तीच. फरक इतकाच की ती पिन दुसऱ्या एडीसीवर (अ‍ॅनालॉग संकेताचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागावर) आहे आणि वायफाय सुरू असताना तो एडीसी वापरता येत नाही. तार ३२ ते ३९ मधील एखाद्या उपलब्ध पिनवर हलवली की प्रश्न सुटतो, पण हे आधी ठाऊक असावे लागते. तशाच इतरही अटी आहेत. ३४ ते ३९ या पिना केवळ इनपुटच्या असून त्यांना अंतर्गत पुल-अप (बटण दाबलेले नसताना पिन उच्च पातळीवर धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही, म्हणून तेथे नुसते बटण जोडले तर वाचन भरकटते. १२ क्रमांकाची पिन चालू होताना उच्च पातळीवर राहिली, तर नेहमीच्या मॉड्यूलवर फ्लॅशला (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीला) चुकीचा व्होल्टेज मिळतो आणि बोर्ड सुरूच होत नाही. या बाबी माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना दोष म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र पहिल्याच महिन्यात ते माहितीपत्रक कोण उघडतो?

पिकोवर हा ताण मला जाणवला नाही. त्याच्या बाहेर काढलेल्या २६ पिना जवळजवळ एकसारख्या वागतात, प्रत्येकीला अंतर्गत पुल-अप आहे आणि अ‍ॅनालॉग वाचनासाठी २६, २७ व २८ एवढ्याच लक्षात ठेवायच्या. त्यावर मायक्रोपायथन (पायथन भाषेची मायक्रोकंट्रोलरसाठीची आवृत्ती) चढवले की संगणकावर एक ओळ टाइप करून एंटर दाबताच एलईडी लागतो, आणि कोड चुकला तर ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवली जाते. मायक्रोपायथन ईएसपी३२ वरही चालते, हे खरे. परंतु पिनांच्या अटी भाषा बदलल्याने सुटत नाहीत.

पिकोलाही उणिवा आहेत. पिनांची नावे खालच्या बाजूला छापलेली असल्याने बोर्ड ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या छिद्रांच्या पाटीवर) बसवला की ती झाकली जातात. पिनांचा नकाशा छापून जवळ ठेवावा. रीसेटचे बटण नाही. पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने ५ व्होल्टचा इको (परतीचा संकेत) देणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरसाठी मधे व्होल्टेज उतरवणारे दोन रेझिस्टर घालावे लागतात, जे उनोवर लागत नाहीत.

पहिलाच प्रकल्प इंटरनेटशी जोडायचा असेल आणि सोबत जाणकार असेल, तर ईएसपी३२ घेण्यात वावगे काही नाही. वायफाय असलेला पिको डब्ल्यूही २०२२ पासून उपलब्ध आहे. हाताशी ५ व्होल्टचे सुटे भाग आधीच असतील तर उनो सोयीचा. एरवी मी पिकोच सुचवेन, आणि तोही पिना आधीच सोल्डर केलेला ‘पिको एच’, कारण कच्च्या सोल्डरिंगमुळे कधी लागणारी आणि कधी तुटणारी जोडणी नवशिक्याला कोडमधील चुकीसारखीच भासते.