डॅब, ट्रिपॅन ब्लू की अ‍ॅनिलिन ब्लू? बुरशीशी झुंजणाऱ्या पेशीसाठी रंग निवडताना

बुरशी पानात घुसू लागली की पेशी घुसण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड साठवते, भित्तीला आतून कॅलोज या शर्करा-बहुवारिकाचा लेप देते आणि कधी स्वतःच मरते. या तिन्ही हालचाली एकाच रंगाने दिसत नाहीत. म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग बाटली उघडा.

सुरुवातीची झटापट पाहायची असेल तर डॅब, म्हणजे डायअमिनोबेन्झिडीन. १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. द्रावण, सामू ३.८ च्या आसपास. आम्ल न घालता ते विरघळतच नाही. पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज हे विकर दोन्ही असतील तिथेच तपकिरी रंग उमटतो. पान जिवंत असतानाच देठातून द्रावण चढू द्यावे लागते, त्यामुळे पान तपासण्याच्या ठरलेल्या वेळेच्या ४ ते ८ तास आधी ते त्यात ठेवा, अंधारात. वेळ चुकली की हाती काही लागत नाही: सातूवरील भुरीत पहिल्या अंकुरनलिकेखाली (बीजाणूतून निघणाऱ्या पहिल्या नळीखाली) रंग संसर्गानंतर सुमारे ६ तासांनी दिसतो, अ‍ॅप्रेसोरियमखाली (बुरशी पेशीत घुसण्यासाठी बनवते त्या फुगीर भागाखाली) १५ तासांनंतर. एका पानाला डॅबसोबत अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल द्या; ते पेरॉक्साइड नष्ट करते. तिथेही तपकिरी दिसले तर तो रंग पेरॉक्साइडचा नाही. डॅब कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, हातमोजे हवेतच.

पेशी मेली का, हा प्रश्न असेल तर ट्रिपॅन ब्लू. मेलेल्या पेशी आणि कवकतंतू (बुरशीचे धागे) दोन्ही निळे होतात, हीच त्याची ताकद. लॅक्टोफेनॉलमधील रंगात इथेनॉल मिसळून पान मिनिटभर उकळा, मग क्लोरल हायड्रेटमध्ये (२.५ ग्रॅम प्रति मि.लि.) जादा रंग काढा. पान आधीच इथेनॉलमध्ये विरंजित केले (हरितद्रव्य काढून रंगहीन केले) तर सगळ्याच पेशी मेलेल्या असतात. मग कवकतंतू दिसतील, पेशीमृत्यूबद्दल काहीच कळणार नाही. ही चूक फार होते.

कॅलोजसाठी अ‍ॅनिलिन ब्लू: विरंजित पान, ०.०१ टक्के रंग, १५० मिलिमोलर डायपोटॅशियम फॉस्फेट, सामू ९.५. अतिनील प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक मात्र लागतोच. कापलेल्या कडेला कॅलोज आपोआप साचते, तेव्हा कडा मोजू नका. फिनॉलिक द्रव्येही चमकतात, म्हणून न रंगवलेले पान शेजारी ठेवा.

रंग गडद म्हणजे प्रतिकार भक्कम, असे मात्र मानू नका. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील छोट्या रोपाच्या पीएमआर४ या उत्परिवर्ती वाणात संसर्गाच्या जागी कॅलोज बनत नाही, तरी सॅलिसिलिक आम्लाचा (झाडाच्या संरक्षण-संप्रेरकाचा) मार्ग जोमाने चालल्यामुळे ते भुरीला अधिक चिवटपणे तोंड देते. तांबेरा किंवा भुरीला जिवंत पेशी लागते, तिथे पेशीचे मरण झाडाच्या फायद्याचे. बोट्रायटिस ही बुरशी मृत पेशींवरच पोसते, तिथे तेच निळे ठिपके बुरशीच्या बाजूने पडलेले असतात.

एकच पान उरले असेल तर जिवंतपणी डॅब द्या, उकळत्या इथेनॉलमध्ये हरितद्रव्य काढा (तपकिरी रंग टिकतो), आणि शेवटी केवळ कवकतंतू दिसण्यापुरता ट्रिपॅन ब्लू वापरा.