ढगाआडची हिमनदी: कॅमेरा की रडार?

हिमनदीचं नुसतं चित्र हवं असेल तर लँडसॅट किंवा सेंटिनेल-2 हे कॅमेरावाले उपग्रह उत्तम; बर्फ, दगडगोटे, तलाव कुणालाही ओळखू येतात. पण पूर्व हिमालयात बर्फ वितळतो ऐन पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा आंधळा.

उपग्रहावरचं रडार रेडिओलहरींनी ढगांतून, रात्रीही बघतं. 3-4 ऑक्टोबर 2023 च्या रात्री सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव फुटला. 28 सप्टेंबरला सुमारे 167 हेक्टर असलेला तलाव 4 तारखेच्या सकाळी जेमतेम 60 हेक्टर उरल्याचं इस्रोने रडारचित्रांवरून दाखवलं.

वाचायला मात्र ही चित्रं म्हणजे डोकेदुखी! उभे कडे कलंडलेले दिसतात, ओला बर्फ काळाठिक्कर. तरी पावसाळ्यात माझं मत रडारलाच. आभाळ निवळलं की कॅमेरा आहेच.