रेशीम कोष फेस स्क्रब (12 नग): कोष खरे, डब्यावरचं बरंचसं खोटं

5 पैकी अडीच स्टार देतेय, आणि ते पण अळीला, विकणाऱ्याला एकही नाही.

रील बघून मागवले. छोटासा डबा, 12 कोष, 349 रुपये. कोष एका टोकाला कापलेले असतात, कोमट पाण्यात भिजवायचे, बोटात टोपीसारखे घालायचे आणि नाकावर, हनुवटीवर गोल गोल फिरवायचे. आता गंमत अशी की माझं माहेर अंबड तालुक्यातलं, घरी कित्येक वर्षं रेशीम अळ्यांसाठी तुती आहे, शेडमध्ये कोषांची बॅचवर बॅच निघते, आणि मी पुण्यात बसून ऑनलाइन कोष मागवले हे आईला फोनवर सांगितलं तर ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं बाई, पैशे देऊन?"

वापराचं आधी सांगते. काम करतात. पाच मिनिटं भिजवले की कोष थोडा बुळबुळीत होतो, तो बुळबुळीतपणा म्हणजे सेरिसिन, धाग्यावरचा डिंक. नाकाच्या बाजूची खरखर गेली, चेहरा मऊ वाटला, बाजारातल्या दाणेदार स्क्रबसारखा ओरखडत नाही. एक कोष तीन-चार वेळा चालतो, वाळला की परत कडक होतो. उकळतं पाणी मात्र घेऊ नका, डिंक सुटून त्याचा कापूस होतो. आणि आधी मनगटावर लावून बघा, आमच्याकडे शेडमध्ये काम करणाऱ्यांपैकी कुणाकुणाला शिंका आणि खाज सुटते, सगळ्यांनाच रेशीम मानवतं असं नाही.

आता डबा. डब्यावर लिहिलंय "कोलाजेनयुक्त". रेशमात कोलाजेन नसतं हो, फायब्रॉइन आणि सेरिसिन ही दोन प्रथिनं असतात. "7 दिवसांत सुरकुत्या गायब" हे वाचून मी पुढे गेले. पण चित्र! कोषातून रंगीत फुलपाखरू बाहेर येतंय. फुलपाखरू असा धाग्याचा कोष विणतच नाही. माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखराच्या अळ्या येतात, त्यांचा जो कोष फांदीला टांगलेला दिसतो ती त्यांची स्वतःची कडक झालेली त्वचा असते, वर रेशमाचं पांघरूण नाही, फक्त टेकायला दोन-चार धागे. मराठीत दोन्हीला कोषच म्हणतो म्हणून घोळ होतो. रेशमाचा कोष करतो तो पतंग, आणि आपला तुतीवरचा पतंग तर पांढरट, जाडा, त्याला उडताही येत नाही.

सगळ्यात मोठा शब्द: "अहिंसक". बाराव्या कोषाने तो खोटा ठरवला. अकरा कापलेले होते, हा अख्खा. कानाशी धरून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. ज्याच्या घरी कोष निघतात त्याला कळतं की असा सुका आवाज आला म्हणजे आतला जीव वाळून गेलाय. भाचा आला होता, म्हटलं चल तुला दाखवते. पातेल्यात उकळवला, टूथब्रशने वरून घासून घासून धाग्याचं टोक सापडवलं (वीस मिनिटं गेली यातच) आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीवर गुंडाळायला घेतलं. कोष पाण्यात गोल फिरतोय आणि धागा येतोय, येतोय, येतोय. चांगल्या पांढऱ्या कोषात एकच सलग धागा असतो, 1000 मीटरच्या आसपास, तुटला नाही तर. आमचा तीन वेळा तुटला, बाटली फिरवून हात दुखले. पण हळूहळू कोष कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झाला आणि आत तपकिरी, सुरकुतलेलं, शेंगदाण्याएवढं काहीतरी दिसायला लागलं, शेजारी अळीची शेवटची कात चुरगळून पडलेली. भाचा म्हणे, "मावशी, हा आत झोपलाय का?"

झोपलेला नसतो, तेच तर. अळी पंचवीसेक दिवस नुसता पाला खाते, चार वेळा कात टाकते, मग एक दिवस खाणं बंद, अंग काचेसारखं पिवळसर दिसायला लागतं. तेव्हा चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, सोडायची. दोन-तीन दिवस डोकं इंग्रजी 8 काढल्यासारखं हलवत ती स्वतःभोवती विणत जाते. आत जाऊन कात टाकते, अळीचं शरीर जवळजवळ मोडून पतंगाचं नवीन बांधायला घेते, पाय वेगळे, पंख वेगळे. त्या दहा-बारा दिवसांत तिला पळता येत नाही. मुंगी आली, पक्षी आला, ऊन लागलं तर काय करणार? म्हणून ही खोली. हवा आत-बाहेर जाते, मुंगी आत शिरत नाही. अळ्या उघड्यावर असतात तोवर आम्ही मुंग्यांसाठी रॅकच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो, कोष झाला की तो बघतो. फक्त उझी माशीपुढे त्याचं काही चालत नाही, ती आधीच अळीच्या अंगावर अंडी घालून ठेवते, मग शत्रू आतच, आणि तो कोषाला भोक पाडून बाहेर येतो.

पतंग स्वतः बाहेर येतो तेव्हा तोंडातून द्रव सोडून एक टोक मऊ करतो आणि डोकं घालून वाट काढतो. असा कोष सलग उकलत नाही, त्याचं सूत कातावं लागतं. म्हणून रीलिंगचे, म्हणजे सलग धागा उकलायचे कोष पतंग निघायच्या आत वाफेने किंवा गरम हवेने सुकवतात. जीव जातो, खरं आहे, आमचं घर त्यावर चालतं, मी कुणाला उपदेश करत नाही. पण मग अहिंसक लिहू नका ना.

कापलेले अकरा कुठून आले असतील? बीज केंद्रात, म्हणजे जिथे रेशीम अळीची अंडी तयार करतात तिथे, नर-मादी वेगळे करायला कोष कापून आतला कोषित किडा काढतात, तो जिवंतच राहतो, त्याचं पुढे अंड्यांसाठी काम असतं. रिकामी टरफलं उरतात. तसे असतील तर ठीक, पण अकरातल्या एकाला आतून काळपट डाग आणि वास होता, तो सरळ कचऱ्यात टाकला. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर आलं, "नॅचरल प्रॉडक्ट आहे, व्हेरिएशन असू शकतं." व्हेरिएशन!

किमतीचं तर बोलायलाच नको. किलोत साधारण पाचशे-साडेपाचशे ताजे कोष बसतात, जालन्याच्या बाजारात भाव चढा असला तरी 349 रुपयांत शंभरावर कोष सहज येतात. इथे बारा.

आईला डागाचं सांगितलं तर हसली. म्हणाली दिवाळीला येशील तेव्हा पिशवी घेऊन ये, पोचट कोष आणि दोन अळ्यांनी मिळून केलेले डबल कोष कोपऱ्यात पडलेत, व्यापारी घेत नाही, तू घास नाकाला.