रेडीमेड सिमेंटचा संडास, मावशीकडे बसवला त्याचा अनुभव

मावशीच्या घरामागे जागा अगदी थोडी आणि गवंडी काही मिळेना, म्हणून शेवटी तालुक्याहून रेडीमेड संडास मागवला. सिमेंटचे खांब, त्यांच्या खाचेत सरकवायच्या प्लेटा, वर पत्रा, बस. सकाळी टेम्पोतून माल आला, खांबांचे खड्डे आधीच खणून ठेवलेले, तिघा पोरांनी संध्याकाळपर्यंत उभा पण केला. स्वच्छ भारतचे 12,000 मिळाले पण ते नंतर, फोटोबिटो झाल्यावर, आधी पदरचेच घालावे लागले.

मला सगळ्यात आवडलं ते भांडं. जास्त उताराचं ग्रामीण भांडं आहे, कोंबड्यात (भांड्याखालच्या वाकड्या नळीत) 20 मिमीच पाणी राहतं, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. मावशी हापशावरून पाणी आणते, तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे, शहरातलं भांडं बसवलं असतं तर तिने वापरलंच नसतं.

आता तक्रार. बसवणारे म्हणत होते मैल्यासाठी एकच खड्डा पुरे, शिवाय त्याचा तळ सिमेंटने बंद करायला निघालेले! मी अडून बसलो, दोन खड्डे हवेतच, मध्ये किमान एक मीटर अंतर, तळ मोकळा. एक भरला की चेंबरमध्ये (भांड्याची नळी जिथे दोन खड्ड्यांकडे फुटते त्या छोट्या टाकीत) वाट बदलायची, भरलेला दोन वर्षं बंद ठेवला की त्याचं खत होतं, वास नाही, कुणाला मैल्यात हात घालावा लागत नाही. हे त्यांनीच गिऱ्हाईकाला सांगायला हवं ना.

दरवाजाच्या बिजागऱ्या पहिल्याच पावसाळ्यात गंजल्या, आता पीव्हीसीचा दरवाजा लावलाय. भिंतींना मात्र अजून एक तडा नाही.