शृंगारतळीचं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान आणि माझा तोत्तोरी-शिमानेचा तक्ता

शृंगारतळीच्या बाजारात, चिपळूणच्या रस्त्याला, दहा बाय बाराचं एक दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव बारीक आणि 'झेरॉक्स, मराठी टायपिंग, लॅमिनेशन, बाइंडिंग' मोठ्या अक्षरांत. तिथे कोणी सातबाराच्या प्रती काढायला येतं, कोणी आधार कार्ड लॅमिनेट करायला. मी वेळणेश्वरहून सकाळच्या एस.टी.ने चार वह्या घेऊन गेलो. त्यांत नऊ वर्षांचं टिपण होतं, जपानच्या वरिष्ठ सभागृहातल्या तोत्तोरी-शिमाने या मतदारसंघाचं. ते टाइप करून, बांधून हवं होतं आणि सोबत भिंतीवर लावायला एक मोठा तक्ता.

या दुकानाबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलंय, कारण असं काम मला रत्नागिरीतही कोणी करून दिलं नसतं. पण त्यासाठी आधी वह्यांत काय होतं ते सांगायला हवं.

2016 साली भाचा मात्सुएला नोकरीला लागला. मात्सुए ही शिमाने प्रांताची राजधानी. तो गेला आणि महिनाभरात, 10 जुलैला, तिथे निवडणूक झाली. त्याने रस्त्याकडेच्या एका फळ्याचा फोटो पाठवला. फळ्यावर आकडे घातलेले चौकोन आणि प्रत्येक उमेदवाराचं पोस्टर आपापल्या चौकोनात. खाली लिहिलं होतं, "मामा, इथे याच वेळी दोन प्रांत मिळून एक मतदारसंघ केलाय, लोक नाराज आहेत." ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. आम्ही गुहागरवाले. जिल्हा रत्नागिरी, पण 2008 च्या पुनर्रचनेनंतर गुहागर आणि दापोली लोकसभेला रायगडात. दक्षिणेकडे ज्या राजापूर मतदारसंघातून नाथ पै आणि पुढे मधु दंडवते दिल्लीला गेले, तो राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच त्या फेरीत संपला. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे विसरता येत नाही.

तोत्तोरी हा लोकसंख्येने जपानचा सर्वांत लहान प्रांत, शिमाने त्याच्या खालोखाल. दोन्ही पश्चिमेच्या समुद्राला लागून, मासेमारी आणि शेतीवर जगणारे, तरुण पोरं मोठ्या शहरांकडे गेलेले. हे वर्णन कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. तिथलं वरिष्ठ सभागृह आपल्या राज्यसभेसारखं आमदारांनी निवडलेलं नसतं, लोक थेट मत देतात. मुदत सहा वर्षं, दर तीन वर्षांनी निम्म्या जागा. 1947 च्या पहिल्या निवडणुकीपासून 2013 पर्यंत या दोन्ही प्रांतांना प्रत्येकी दोन जागा होत्या, म्हणजे दर तीन वर्षांनी एकेक.

मग बिघडलं कुठे? मताच्या वजनात. जिथे एका जागेमागे मतदार कमी, तिथलं मत जड. 1947 ला सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या मतातलं अंतर 2.62 पट होतं. 1992 ला ते 6.59 पटीवर गेलं. 2010 ला कानागावातल्या मताच्या पाचपट वजन तोत्तोरीतल्या मताला होतं. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता घटनेशी विसंगत अवस्थेत पोचल्याचं म्हटलं. 2015 मध्ये कायदा बदलला आणि तोत्तोरी-शिमाने एकत्र, तोकुशिमा-कोची एकत्र अशा दोन जोड्या लावल्या. अंतर 3.08 पटीवर आलं. मतांच्या समानतेचा न्यायालयाचा मुद्दा मला पटतो. पण एका अख्ख्या प्रांताला आपला म्हणावा असा प्रतिनिधी उरू नये, हे मला पटत नाही. 2016 च्या जुलैत तिथल्या राज्यपालांच्या राष्ट्रीय परिषदेने या जोड्या मोडायची मागणी केली, तीही याच कारणाने.

आता दुकानाकडे येतो. कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची लेक आहे. तिने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "सर, ही नावं नेमकी कशी लिहायची ते मला एका कागदावर काढून द्याल? नाहीतर प्रत्येक पानावर वेगळी होतील." टायपिंगला बसणाऱ्या माणसाने सुरुवातीलाच हे विचारलं की काम चांगलं होणार हे समजून जावं. मी यादी दिली. ताकेशिता नोबोरू, शिमानेचे, 1987 ते 1989 पंतप्रधान. आओकी मिकिओ, 1986 ला शिमानेतून प्रथम निवडून आले आणि पुढे पंतप्रधान ओबुचींच्या मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव झाले (तिथे हे मंत्रिपद असतं, आपल्यासारखं अधिकाऱ्याचं पद नाही). त्यांचा मुलगा आओकी काझुहिको, 2010 ला वडील आजारी पडल्यावर ऐनवेळी उभा राहिलेला. कामेई अकिको, जिने 2007 ला याच शिमानेत सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला हरवलं. त्याच दिवशी शेजारच्या तोत्तोरीत कावाकामी योशिहिरो विरोधी पक्षाकडून जिंकले.

तक्त्याचं काम खरं अवघड होतं. 2013 पर्यंत दोन रकाने, 2016 पासून एक. पोरीने आधी सरळ दोन रकाने जोडून मधली रेघ पुसली. ते बघायला बरं दिसत होतं, पण निवडून आलेला माणूस कुठल्या प्रांताचा तेच कळेना. मी म्हटलं, रेघ राहू दे. ती म्हणाली, "रेघ ठेवली तर दोन मतदारसंघ वाटतील सर. रंग देऊया." तोत्तोरीचा माणूस पिवळा, शिमानेचा निळा. पक्ष अक्षरांनी. मला हे नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.

रंग भरून झाल्यावर तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, 2016 पासून पिवळा एकदाच आलाय."

खरंच होतं. 2016 आओकी काझुहिको, निळा. 2019 माइताची शोजी, पिवळा. 2022 पुन्हा आओकी, निळा. 2025 देगावा मोमोको, निळा. हे सगळं मी माझ्याच हाताने लिहिलेलं, प्रत्येक निवडणूक वेगळ्या पानावर. एका नजरेत कधी पाहिलं नव्हतं. आधी 1989 पर्यंत वर जाऊन बघितलं की दोन्ही रकान्यांत उलथापालथ दिसते. त्या वर्षी ताकेशितांच्या सरकारने आणलेला 3 टक्के उपभोग कर आणि रिक्रूट कंपनीचं शेअर-लाचखोरीचं प्रकरण यांनी लोक इतके चिडले होते, की देशभरातल्या 26 एकजागी मतदारसंघांपैकी सत्ताधाऱ्यांना फक्त 3 मिळाले. खुद्द ताकेशितांचा शिमानेही गेला.

मग तोत्तोरीचे लोक गेले कुठे, हे तिने विचारलं. त्यासाठी बाजूला एक अरुंद रकाना काढावा लागला. 2018 च्या दुरुस्तीने पक्षांना देशव्यापी प्रमाणशीर यादीत (जिथे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात) काही नावं थेट वर लावायची मुभा मिळाली. एरवी त्या यादीत ज्याला वैयक्तिक मतं जास्त तो वर. या राखीव क्रमाच्या उमेदवाराला स्वतःचं कार्यालय नाही, प्रचाराची गाडी नाही, पोस्टर नाही. जोडीला दर निवडणुकीत जागा एकच, म्हणून ज्या प्रांताची पाळी हुकली त्याच्या माणसाची सोय तिथे. 2019 ला शिमानेचे मिउरा यासुशी, 2022 ला तोत्तोरीचे फुजिई काझुहिरो, 2025 ला माइताची स्वतः. तोत्तोरीचा पिवळा रंग त्या अरुंद रकान्यात जाऊन बसला. मला ते बघून वाईट वाटलं. पोस्टरच्या फळ्यावर ज्याचा चौकोन नाही, तो आपला प्रतिनिधी म्हणून लोकांनी कसा ओळखायचा?

कागदाबद्दल. कोकणात साध्या कागदावरचा तक्ता दोन पावसाळे टिकत नाही, बुरशी धरते. दुकानात न फाटणारी प्लास्टिकसारखी शीट मिळते, ओळखपत्रांना वापरतात ती. मी तिला सांगितलं की जपानची मतपत्रिका अशाच पॉलिप्रॉपिलीनच्या कागदाची असते. मतदार शिसपेन्सिलीने उमेदवाराचं नाव स्वतः लिहितो, घडी घालतो, पेटीत टाकतो आणि आत पडल्यावर घडी आपोआप उलगडते, म्हणून मोजणाऱ्यांचा वेळ वाचतो. तिने लगेच शीटचा एक तुकडा कापला, पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं, घडी घातली आणि काउंटरवर ठेवली. आम्ही दोघं बघत राहिलो. घडी हळूहळू वर उठली, नाव अर्धं दिसलं, मग पुरतं. झेरॉक्ससाठी थांबलेल्या एक मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि ज्याला लिहिता येत नाय त्याने?" तशा मतदाराला तिथे केंद्रावरचा कर्मचारी लिहून देतो, असं मी सांगितलं.

बाइंडिंग मालक स्वतः करतात. धाग्याची शिवण, पुठ्ठा, पाठीला कापड. खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे कसर लागत नाही. वही पूर्ण उघडली तरी पाठ तडकत नाही, मी चार ठिकाणी उघडून पाहिली.

तक्रार एकच. काम गणपतीच्या आधी मिळणार होतं, मिळालं अनंत चतुर्दशीनंतर. त्या दिवसांत मुंबईकर आलेले असतात, दुकानात भजनाच्या बाऱ्यांच्या जाहिराती आणि मंडळांच्या पावत्यांचा ढीग असतो, हे मी समजू शकतो. पण मग तारीख तशी सांगायला हवी. माझ्या तीन फेऱ्या फुकट गेल्या.

पैसे असे. टायपिंग पानाला 30, 46 पानांचे 1380. बाइंडिंग 180. तक्त्याच्या दोन प्रती 350 प्रमाणे 700. एकूण 2260 रुपये. प्रूफं दोनदा तपासायला दिली, त्याचे वेगळे घेतले नाहीत. मोठी शीट छापायला चिपळूणला जाते, म्हणून तक्ता हवा असेल तर चार दिवस धरून चला. सोमवारी दुकान बंद.

एक प्रत माझ्या ओटीवर लावली आहे, दुसरी भाच्याला मात्सुएला पाठवली. तळाशी 2028 ची ओळ तिने आखून ठेवली आहे आणि रंगासाठी चौकोन मोकळा सोडलाय.