औषध-पातळीच्या नमुन्यांसाठी घेतलेली कूल बॉक्स: मार्च ते चवथ (गणेश चतुर्थी), वापरून काय वाटलं

गोव्यातल्या साखळी गावातली आमची लॅब छोटी. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड इथंच होतं. रक्तातल्या औषधाची पातळी मोजणं नाही. टॅक्रोलिमस (अवयव बदललेल्यांचं औषध), फेनिटोइन आणि व्हॅलप्रोएट (फिट्सची औषधं), लिथियम (मानसिक आजारावरचं), यांचे नमुने म्हापशाच्या संकलन केंद्रात पोचवायचे, तिथून ते विमानानं मुंबईला. रक्त काढल्यापासून मशीनला लागेपर्यंत दीड-दोन दिवस सहज जातात, रविवार आला की जास्त. त्यासाठी मार्चमध्ये ही आठ लिटरची पेटी घेतली. जाड फोमच्या भिंती, 5 अंशांना वितळणाऱ्या जेलचे चार पॅक आणि झाकणात तापमान नोंदवणारा लॉगर, असा सगळा संच.

मुख्य काम ती चोख करते. मे महिन्यात भर दुपारी स्कूटरवरून म्हापशाला, वाटेत डिचोलीला थांबा, तरी आतला आकडा 2 ते 8 अंशांतच राहिला. पूर्वीच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाला टेकलेली ट्यूब गोठायची. टॅक्रोलिमसचं त्यानं फारसं बिघडत नाही. ते बहुतेक तांबड्या पेशींतच असतं आणि तपासताना पेशी फोडाव्याच लागतात. पण सिरम वेगळं न केलेलं रक्त गोठलं की पेशी फुटून सगळं लाल होतं आणि नमुना परत येतो.

पॅकचं मात्र नीट समजून घ्या. पुस्तिका म्हणते, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आमचा फ्रिज 4 अंशांवर चालतो. 5 अंशांना गोठणारं जेल तिथं सकाळीही अर्धं पातळच असतं. डीप फ्रीझरमध्ये लवकर गोठतं, पण मग पॅक उणे 20 चा होतो आणि तसाच भरला तर नमुने गोठवतो. बाहेर काढून ठेवायचा, हलवल्यावर आत थोडं पातळ डुचमळायला लागलं की भरायचा. लसीकरणाला जाणाऱ्या नर्सबाई बर्फाचे पॅक असेच हलवून बघतात. विकणाऱ्यानं हे एका ओळीत छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

लॉगर यूएसबीला जोडला की स्वतःच पीडीएफ काढून देतो, ते आवडलं. पण तो झाकणातली हवा मोजतो, त्यामुळे पेटी उघडली की उगाच बोंब मारतो. ग्लिसरीन भरलेल्या बाटलीत बुडवलेला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हवा होता.

पावसात वेगळीच कटकट. गार ट्यूब बाहेर काढली की तिला पाणी सुटतं आणि लेबलची शाई पसरते. रुग्णाचं नावच गेलं तर औषध टिकून उपयोग काय? आता प्रत्येक ट्यूब झिपच्या पिशवीत, सोबत कापूस.

आणि पेटीच्या हातात नाही ते जास्त महत्त्वाचं. टॅक्रोलिमस ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये, फ्रिजच्या तापमानाला आठवडाभर टिकतं. पण पातळी गोळीच्या आधीची हवी असते. रुग्ण सकाळची गोळी घेऊन आला असेल तर नमुना कितीही जपून पाठवा, आकडा निरुपयोगीच. लिथियमचं रक्त हिरव्या झाकणाच्या लिथियम हेपरिनमध्ये घेतलं तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं. पिवळ्या जेल ट्यूबमध्ये फेनिटोइन पडून राहिलं तर जेल ते शोषू शकतं आणि पातळी कमी दिसते. डॉक्टर मग डोस वाढवणार. मेथोट्रेक्सेटला (कॅन्सर, संधिवातावरचं औषध) उजेड चालत नाही, म्हणून ट्यूबला फॉइल गुंडाळायची.

पोलिस केसचे नमुने आमच्याकडे येत नाहीत, पण गोव्यात नशेच्या पदार्थांचा विषय निघतोच. कोकेन रक्त काढल्यावरही ट्यूबमध्ये तुटत राहतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते फोडतं. आपण साखरेसाठी वापरतो त्या करड्या झाकणाच्या ट्यूबमधलं फ्लोराइड त्या एन्झाइमला रोखतं. एन्झाइमशिवाय आपोआप होणारं तुटणं मात्र फ्लोराइडनं थांबत नाही, ते थंडीनं मंदावतं. म्हणजे तिथं ट्यूब आणि थंडी दोन्ही लागतात. क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाची गंमत आणखी वेगळी. रक्तात जंतू वाढले तर ते त्याचं 7-अमिनोक्लोनाझेपाम करून टाकतात. मूळ औषध दिसलं नाही म्हणून घेतलंच नव्हतं असं म्हणता येत नाही, दोन्ही मोजावी लागतात.

चवथीच्या तोंडावर आलेले नमुने पेटीत अडकवून ठेवले नाहीत, फ्रिजमध्येच ठेवले आणि केंद्र उघडल्यावर पाठवले. पेटी प्रवासासाठी आहे, साठवणीसाठी नाही. दिवसभर वीज गेली तेव्हा तिनं तारलं, तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

घ्यावी का? टॅक्रोलिमस नियमित जात असेल तर घ्या, आणि पॅकचा दुसरा संच सोबतच मागवा. एक गोठत असताना दुसरा रस्त्यावर असतो. फक्त फिट्सच्या औषधांचे नमुने जात असतील तर पैसे वाचवा. वेगळं केलेलं सिरम तेवढे दोन दिवस साध्या थंड डब्यातही निभावतं. मेरोपेनेमसारख्या अँटिबायोटिकची पातळी पाठवायची असेल तर ही पेटी उपयोगाची नाही. ते 2 ते 8 अंशांतही तुटत जातं. प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवून, ड्राय आइसमध्येच पाठवावा लागतो.