जुना २७ इंची मॉनिटर : दिवाळी ते मृग, ठिपक्यांसकट

मॉनिटर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं लिखाण तक्रारीसारखं वाटेल. २७ इंची, २५६० × १४४० चा, कुठल्यातरी ऑफिसातून उतरलेला माल. दिवाळीच्या आधी नागपूरला सीताबर्डीतून घेतला आणि एसटीनं दारव्ह्याला आणला, तोही उभा धरून. पॅनल, म्हणजे चित्र दिसतं तो पातळ पडदा, आडवं टाकून वर कोणी पिशवी ठेवली की खेळ खलास. माझं काम म्हणजे लग्नपत्रिका, बॅनर आणि हंगामात पीक विम्याचे फॉर्म. एका बाजूला सातबारा उघडा, दुसऱ्या बाजूला फॉर्म, आणि जोडाक्षरं फुटत नाहीत. एवढ्यासाठीच हा घेतला.

दुकानात स्वच्छ दिसला होता. घरी आल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपके लुकलुकायला लागले. एक इथं, दोन तिथं, दिसले की गायब. फॉर्म भरायला आलेले एक काका स्क्रीनकडं पाहत म्हणाले, "काऊन भाऊ, काजवे घुसले का याच्यात?" ओळखीच्या मेकॅनिकनं नुसता फोनवर व्हिडिओ पाहिला आणि निकाल दिला : "पॅनल गेलं याचं, आता काई खरं नाई." पॅनल बदलायचं तर त्या पैशात दुसरा जुना मॉनिटर येतो, म्हणजे विषय संपला असं त्याचं म्हणणं.

मला ते पटलं नाही, आणि त्याला कारण होतं. पॅनलचा मेलेला पिक्सेल जागा सोडत नाही. तो काळा राहतो, किंवा एकाच रंगात अडकून बसतो. पॅनलची पट्टी सुटली तर उभी-आडवी रेघ येते. माझे ठिपके मात्र स्क्रीनभर फिरत होते.

अशा वेळी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मॉनिटरचा स्वतःचा मेनू, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टवाला. तो लॅपटॉपकडून येत नाही, मॉनिटरमधलीच चिप तो चित्रावर चढवते. ठिपके असताना मेनू उघडा आणि नीट पाहा. मेनूच्या चौकटीतही ठिपके पडत असतील तर दुखणं मॉनिटरच्या आत आहे. चौकट स्वच्छ आणि बाहेर ठिपके असतील तर चित्र येतानाच बिघडलेलं आहे. माझी चौकट अगदी स्वच्छ होती. मग ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाहिला. त्यात एकही ठिपका नाही, म्हणजे लॅपटॉपच्या मेमरीत चित्र ठीक तयार होत होतं. राहिली मधली वाट : लॅपटॉपचं पोर्ट, केबल आणि मॉनिटरचं पोर्ट.

लॅपटॉपमधलं चित्र मॉनिटरला नेणारी एचडीएमआय केबल दुकानदारानं फुकट दिलेली, लांबलचक आणि बारीक. रिझोल्यूशन १९२० × १०८० वर आणलं की ठिपके बंद, परत १४४० वर नेलं की हजर. यामागचा हिशेब साधा आहे. १०८० ला ६० हर्ट्‌झवर (सेकंदाला ६० चित्रं) पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्‌झ लागतो, १४४० ला साधारण २४१.५. स्टँडर्ड दर्जाच्या एचडीएमआय केबलची चाचणी फक्त ७४.२५ पर्यंत होते, हायस्पीडची ३४० पर्यंत. बारीक लांब केबल १०८० कशीबशी ओढते आणि १४४० ला धापा टाकते. दुकानात कुठल्याशा जुन्या कॉम्प्युटरला १०८० वर लावून दाखवला होता, तिथं ठिपके दिसणार तरी कसे!

एचडीएमआयमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला तारांची वेगवेगळी जोडी असते, आणि बिघडलेला पिक्सेल परत मागवायची सोय नसते. चुकीचा आला तर चुकीचाच दिसतो, एका फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागापुरता. ठिपके फक्त लालच का, याचंही उत्तर इथं मिळतं : लाल रंगाची जोडी सगळ्यात कमजोर झालेली असणार. दीड मीटरची, जाड, हायस्पीड लिहिलेली केबल लावली आणि काजवे गेले. यवतमाळात अशी केबल काही शेकड्यांत मिळते.

पण गोष्ट इथं संपत नाही. उन्हाळा लागला आणि कुलर सुरू झाला. कुलर बंद केला की त्या क्षणी स्क्रीन काळी व्हायची आणि पुन्हा यायची. मोटार बंद होताना बटणात ठिणगी पडते, तिचा झटका वायरिंगमधून नि हवेतून केबलला लागतो. कुलर आणि मॉनिटर एकाच बोर्डावर होते. त्यात मॉनिटरच्या मागच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणजे अर्थिंग नावालाच. आमच्याकडं काळ्या मातीला एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा पार कोरडा होतो. वायरमनकडून खड्डा उकरून मीठ-कोळसा नव्यानं भरून घेतला, त्यात पाणी सोडलं, कुलर दुसऱ्या बोर्डावर नेला. झिणझिण्या गेल्या, काळी स्क्रीनही गेली. एक सांगतो : अर्थिंग नसताना चालू मॉनिटरला एचडीएमआय केबल काढू-घालू नका. त्या गळक्या करंटानं पोर्ट जळतं आणि तो खर्च केबलएवढा नसतो.

कमी व्होल्टेजची भीती मात्र बाळगू नका. रब्बीत डीपीवर मोटारी चालू झाल्या की आमचा बल्ब पिवळा पडतो, मॉनिटरला त्याचं काहीच नाही. त्याचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो. उकाडा हा खरा शत्रू. बहुतेक मॉनिटरच्या कागदांवर ३५ ते ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५ असतं. आतले कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. मी दुपारी ब्राइटनेस खाली ठेवतो आणि मागच्या जाळीवर कापूस-धूळ साचू देत नाही.

लग्नसराईत पुतण्यानं एक वेगळीच लुकलुक दाखवली. "काका, ही बॉर्डर हलून राह्यली." पत्रिकेच्या किनारीला एकाआड एक पिक्सेलचं बारीक जाळं होतं, तेवढंच थरथरत होतं. हा बिघाड नाही. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलचं व्होल्टेज दर फ्रेमला उलटंपालटं करावं लागतं, नाहीतर लिक्विड क्रिस्टल खराब होतात. एकाआड एकच्या जाळ्यात ती उलटापालट डोळ्याला जाणवते. झूम बदलला की जाते, छपाईत तर प्रश्नच नाही.

कुरकुर करायचीच तर : खालचा उजवा कोपरा पिवळसर आहे, स्टँड डुगडुगतो, आणि टास्कबारच्या वर एक हिरवा पिक्सेल कायमचा अडकलेला आहे. तो मात्र खरंच पॅनलचा, केबल बदलून जाणार नाही.

जुना घ्यायला निघाला असाल तर लॅपटॉप आणि स्वतःची केबल सोबत न्या. दुकानात पूर्ण रिझोल्यूशनवर काळं चित्र लावा, मग मेनू उघडा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखंच चित्राचं दुसरं पोर्ट) असेल तर त्यानंही लावून पाहा. आणि केबल घेताना ४८ गिगाबिटवाली महागडी कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, १४४० आणि ६० हर्ट्‌झला साधी हायस्पीड पुरते, फक्त लांबी कमी ठेवा.